यंदा पाडसं किती

तरवडमाळच्या हरणी यंदा पाडसं किती होऊ द्यायची हे दसरा झाला की ग्रामपंचायतीत बैठकीला बसून ठरवतात. पद्धत जुनी आहे. ग्रामपंचायत नव्हती तेव्हा बैठक मारुतीच्या पारावर व्हायची, आणि पाऊस असला तर चावडीत. गाव सोलापूर जिल्ह्याच्या वरच्या कोपऱ्यात आहे. ढग येतात, गावाकडं बघतात आणि पुढच्या तालुक्याला जातात, अशी ती जागा. अशा ठिकाणी लेकरू जन्माला घालायचं तर आधी विचारपूस केलेली बरी, हे हरणींना माणसांच्या आधी कळलं असावं.

बैठकीची रीत ठरलेली आहे. एका अंगाला सतरंजीवर गावकरी बसतात. दुसऱ्या अंगाची फरशी मोकळी ठेवतात, कारण सतरंजीच्या दोऱ्यांत खूर अडकतो. हरणींच्या बाजूनं कळपाची थोरली बोलते; बाकीच्या चार-पाच जणी मागं उभ्या राहून कान हलवतात. काळविटांना बैठकीत जागा नाही. ती बाहेर पाण्याच्या टाकीपाशी एकमेकांना शिंगं दाखवत थांबतात. आधी पावसाचं बोलणं होतं, मग गवताचं. या दोन्ही बाबतींत हरणी सांगतात आणि गाव ऐकतं. तिसरी बाब गावाच्या शब्दाची. कुरण कधीपर्यंत मेंढरांना बंद राहील, हुलग्याचे बांध कापायचे की ठेवायचे, गारा पडल्या तर कुणाचं दार उघडं असेल, हे गावानं सांगायचं. मग हरणी बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहतात आणि परत येऊन आकडा सांगतात. आकड्यावर घासाघीस होत नाही.

शालन ही गेनूअप्पा नलवड्यांची एकुलती एक मुलगी. गेनूअप्पा गावाच्या बाजूनं बोलायचे. परकर-पोलक्यातली शालन त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि सगळं ऐकायची. अप्पा फार बोलत नसत. शब्द देताना आधी खाली बघत, जणू तो शब्द जमिनीवर ठेवून त्याचं वजन पेलतंय का ते पाहत, आणि मगच तोंड उघडत. त्या काळी गावाच्या पूर्वेला मोठं कुरण होतं. भादव्यात त्यात शिरलं की पवन्या गवत शालनच्या खांद्याला लागायचं आणि अंगाला त्याचा गोडसर वास राहायचा. एका वर्षी तर पाऊस सांगून ठेवल्यासारखा पडला. मृग वेळेवर, आर्द्रा भरून, हस्ताचा हत्ती जाता जाता दोन दिवस मुक्कामाला. त्या वर्षी थोरलीनं सांगितलेला आकडा ग्रामसेवकानं पुन्हा विचारून घेतला होता. फाल्गुनात मग सगळा माळ उड्या मारत होता. बायका ज्वारी काढायला निघाल्या की पाडसं पाटीत डोकावायची. शालनला आठवणीत पहिलं ऊन म्हणून जे दिसायचं, ते त्या फाल्गुनातलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळातली बैठकही तिला आठवत होती. तेव्हा थोरलीनं पावसाचं काही सांगितलंच नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. गेनूअप्पा म्हणाले की माझ्याकडं बाभळीच्या शेंगा आहेत, आणि विहिरीला पाणी आहे तोवर पाणी आहे. याच्या पलीकडं बोललो तर ते खोटं होईल. हरणी बराच वेळ लिंबाखाली उभ्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, एक. तेवढं तरी कशाला, असं कुणीतरी हळहळून विचारलं. त्यावर त्या वेळची थोरली म्हणाली होती, "एक तरी पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी विचारायला यायचं हे कुणाच्या लक्षात राहील?"

शालनचं लग्न झालं आणि ती पिंपरीला गेली. नवरा कारखान्यात होता, तो निवृत्त होऊन दोनच वर्षांत गेला. त्याच्याही आधी गेनूअप्पा गेले. तरवडमाळच्या घराला कुलूप लागलं आणि शालन मुलाकडं, महेंद्रकडं राहू लागली. महेंद्र आणि सून स्वप्नाली दोघंही सकाळी बाहेर पडत. शालननं दूधवाल्याची आणि पाण्याच्या टँकरची वाट बघायची, असा तिचा दिवस होता. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. माहेरचा विषय ती काढत नसे. काढला असता तर महेंद्रनं ऐकलं असतं, पण घड्याळाकडं बघत ऐकलं असतं.

मागं गावात बरंच काही झालं होतं. गेनूअप्पांच्या जागी जे जे बोलायला बसले त्यांनी सढळ हातानं शब्द दिले. कुणी चाऱ्याच्या गाड्या देऊ केल्या, कुणी सिमेंटचा हौद. कुरणाचा अर्धा भाग कांद्याखाली गेला. उरलेल्या अर्ध्यातल्या सपाट तुकड्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाला हजार झाडं लावली. झाडं जगली नाहीत, पण खड्ड्यांनी गवत गेलं. पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. यायचा तेव्हा येईना, आणि आला की दोन दिवसांत सगळं ओतून मोकळा होई. फाल्गुनात गारा पडू लागल्या. घरांना लोखंडी फाटकं आली, फाटकांत कुत्री आली. आकडा दरवर्षी खाली येत गेला, आणि मग सलग तीन वर्षं थोरली लिंबाखालून परत येऊन म्हणाली, "काही नाही."

तिसऱ्या वर्षानंतर हरणींनी गाव सोडण्यासाठी ग्रामपंचायतीकडं ना हरकत दाखला मागितला.

सरपंच उज्ज्वला लोंढे यांनी शालनला फोन केला तो या कारणानं. उज्ज्वला तिशीची, शालनला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण माहेरवाशीण म्हणून पहिल्या वाक्यापासून आत्या म्हणाली. तिनं सांगितलं की दाखला देण्याआधी एक बैठक घ्यायला हरणी तयार आहेत, पण गेनूअप्पांच्या घरचं माणूस समोर पाहिजे अशी त्यांची अट आहे. कुठं जाणार म्हणतात त्या, असं शालननं विचारलं. ते त्यांनाही माहीत नाही, उज्ज्वला म्हणाली, दुसऱ्या कुठल्याच गावात बैठक होत नाही.

महेंद्रनं गुडघ्यांची आठवण करून दिली. एवढ्या लांब एसटीनं जायचं, परत यायचं, डॉक्टरांनी वेळ दिलेली. फोनवरच बैठक घेता येणार नाही का, असं त्यानं सरपंचांना विचारून पाहिलं. त्यांनी ते आधीच विचारलं होतं. हरणी नाही म्हणाल्या होत्या. फोनमध्ये माणसाचा वास येत नाही.

शालन गेली. बैठकीच्या दिवशी सतरंजीवर जागा नव्हती, लोक दारातही उभे होते. थोरली आत आली. वाळलेली, एका कानाचा कोपरा फाटलेला. हरणीचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं; गेनूअप्पांना पाहिलेली कुणी आता कळपात असणं शक्यच नव्हतं. तरी थोरलीनं शालनकडं बघितलं आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी मान खाली केली.

मग ती पावसाचं बोलली. मृग कोरडा गेला, आर्द्रात दोन सरी, पोळ्यापर्यंत नुसता वारा. हत्तीचा पाऊस पडला पण त्यातलं पाणी जमिनीत उतरायला थांबलं नाही. गवताचं तिनं असं सांगितलं की पवन्या टेकडीच्या मागच्या उतारावर तेवढा उरला आहे, मारवेल बांधावर आहे, कुसळी पुष्कळ आहे पण ती पिकली की तोंडाला टोचते. एकूण माघापर्यंत पुरेल. "माघानंतर पोटातलं पाडस आईच्या अंगातून काढून घेतं," थोरली म्हणाली. "ते जन्मतं. पण दूध उतरत नाही. अशी पाडसं आम्ही धरत नाही."

मग गारांचा विषय निघाला. तीन वर्षांमागच्या फाल्गुनात गारा पडल्या तेव्हा पाडसं घेऊन हरणी गावात आल्या होत्या आणि दारं बंद होती. गावकऱ्यांनी एकेक करून कारणं सांगितली. कुणाच्या फाटकात कुत्रं होतं. शिंप्याच्या दुकानात लग्नाचे कपडे पडलेले होते म्हणून त्यानं शटर ओढलं होतं. एक घर तर त्या दिवशी खरोखरच बाहेरगावी होतं. कारणं सगळी खरी होती. थोरलीनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आमची तक्रार नाही," ती म्हणाली. "आम्ही फक्त आकडा त्याप्रमाणे ठेवतो."

गावाच्या शब्दाची वेळ आली. सरपंचांनी सांगितलं की कांद्याची जमीन आता परत होणार नाही, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. पण टेकडीचा उतार होळीपर्यंत शेळ्या-मेंढरांना बंद ठेवू. थोरलीनं ते मान्य केलं. उपसरपंचांनी हौदाचा विषय काढला, पण त्यांच्याच शेजाऱ्यानं त्यांचा सदरा ओढला. मग दाराचं विचारलं गेलं. बाहेर काळविटांची शिंगं एकमेकांवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

शालन म्हणाली, "माझं धरा."

"तुमच्या दाराला कुलूप आहे," थोरली म्हणाली. "कुलपाला गंज आहे. आम्ही बघून आलो."

"काढते की ते."

"तुम्ही इथं राहत नाही. बंद घराचं दार आम्ही धरत नाही. आणि उघड्या घरात माणूस नसेल तर तेही धरत नाही."

शालननं खाली बघितलं. फरशी जुनीच होती, शहाबादी, मधे तडा गेलेली. "गुढीपाडव्यापर्यंत मी हितंच हाय," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण बोललो.

हरणी लिंबाखाली गेल्या. परत आल्या आणि थोरलीनं सांगितलं, दोन. उपसरपंच रीत विसरून म्हणाले की निदान पाच तरी. थोरलीनं त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं. एका दाराला दोन, ती म्हणाली, आणि दाखल्याचा अर्ज पाडव्यापर्यंत तसाच राहू द्यावा अशी सरपंचांना विनंती केली.

महेंद्रला हे फोनवर सांगणं सोपं गेलं नाही. शेवटी तो औषधं पाठवतो म्हणाला.

घर म्हणजे पुढं एक सोपा, मागं स्वयंपाकाची खोली, वर पत्रा. शालननं शेजारच्या बायकांना हाताशी घेऊन ते झाडून काढलं, चुलीची जागा सारवली, अप्पांचा लाकडी पलंग उन्हात टाकला. दाराची एक फळी जमिनीला घासत होती. सुताराकडून ती तासून घेतली, कारण दार अर्धं उघडणं म्हणजे अर्धा शब्द. सकाळी ती काठी घेऊन टेकडीच्या उताराला जाऊन बसायची. शेळ्या आल्या की हाकलायची, शेळीवाल्या बायका आल्या की त्यांच्याशी भांडायची, आणि भांडण संपलं की त्यांच्याच डब्यातली भाकरी खायची. थंडी पडली तसे गुडघे दुखू लागले. तरी दुखण्याला निदान कारण होतं. पिंपरीत ते नुसतेच दुखायचे.

दुपारी थोरली ओट्याशी येऊन उभी राहायची. ती बाभळीच्या चार शेंगा खायची आणि दोघी मागचं बोलायच्या. हरणींकडं ऐकीव पुष्कळ होतं. आईनं लेकीला, लेकीनं नातीला सांगत आणलेलं. त्यांच्यात असं सांगत की हरणी लिंबाखाली बोलायला गेल्या की गेनूअप्पा पाठ फिरवून बसत, आपल्या कानावर काही पडू नये म्हणून. शालन हे विसरून गेली होती. ऐकताच तिला अप्पांची सदऱ्यातली पाठ दिसली, घामानं मधे भिजलेली, आणि ती उठून उगीच आत जाऊन आली. उलट काही गोष्टी थोरलीला ठाऊक नव्हत्या. कांदा साठवायच्या चाळी उभ्या आहेत तिथं पूर्वी कुठलं गवत होतं, असं तिनं विचारलं. शालननं सांगितलं की तिथं पवन्या सगळ्यांत आधी हिरवा व्हायचा, कारण खालून ओल होती. आणि कडेला एक बोर होती, तिची बोरं आंबट पण माघात पडायची, गवत संपतं त्याच वेळी. थोरलीनं ते पुन्हा सांगायला लावलं. मागं उभ्या असलेल्या तरण्या हरणींनीही कान पुढं केले.

पौषात शिंपी ओट्यावर आला. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन-तीन घरचे आले. गारा पडल्या तर आमचंही दार धरा, असं त्यांना सांगायचं होतं. थोरलीनं आभार मानले. पण आकडा ठरला तो ठरला, ती म्हणाली, हरणींना दिवस राहायची वेळ होऊन गेली. हे पुढच्या दसऱ्याला बोला. शिंपी मान हलवून गेला. शालनला त्याचं वाईट वाटलं, थोरलीलाही वाटलं असावं. पण पोटाला उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग नसतो.

फाल्गुन लागला आणि टेकडीच्या मागच्या उतारावर दोन पाडसं जन्मली. शालनला ती लगेच दिसली नाहीत. पहिले दिवस पाडस गवतात दडून पडलेलं असतं, आई लांब चरते आणि त्या बाजूला बघतसुद्धा नाही. पण गावात ती बातमी होती. दुकानात, पिठाच्या गिरणीवर लोक आवाज खाली करून बोलत. पाडसं काही तिथं ऐकायला नव्हती, तरीही.

होळी झाली. महेंद्र आईला न्यायला गाडी घेऊन आला तो दिवस कोरडा आणि तापलेला होता. पाडव्याला अजून अवकाश आहे, असं तिनं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला की आकाश निरभ्र आहे, दोन पाडसांसाठी किती दिवस बसणार. शालन त्याच्यासाठी पिठलं टाकायला उठली. जेवण होईतो वारा पडला. पश्चिमेकडून ढग आला तो काळा नव्हता, हिरवट होता. शालननं हात धुतले, दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि महेंद्रला पाय वर घेऊन बसायला सांगितलं.

पहिल्यांदा दोघी आया आल्या, पाडसं पोटाखाली घेऊन. उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी येऊ का म्हणून विचारलं. शालन म्हणाली, "या." त्या आत आल्या तोच पत्र्यावर पहिली गार पडली, आणि मग एकही शब्द ऐकू येईना. लिंबाएवढ्या गारा होत्या. अंगणात उडून त्या उंबऱ्यापर्यंत येत. एक पाडस थेट पलंगाखाली गेलं आणि तिथून महेंद्रच्या चपलांचा वास घेऊ लागलं. महेंद्र पेटीवर पाय जवळ घेऊन बसला होता. थोड्या वेळानं त्यानं हात खाली सोडला आणि तसाच ठेवला.

शालन दारात उभी होती. तिला गल्ली दिसत होती. सगळी दारं उघडी होती. शिंप्यानं शटर वर करून खांद्यावर तोलून धरलं होतं आणि त्याच्या बगलेखालून हरणी आत शिरत होत्या. कुणीतरी कुत्रं कडेवर उचलून उभं होतं. काळविटं शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं उभी होती आणि निदान त्या वेळी तरी एकमेकांकडं बघत नव्हती. सरपंच ग्रामपंचायतीचं दार पायानं अडवून धरून हात हलवत होत्या. यांतल्या कुणाचंच दार त्या वर्षीच्या आकड्यात धरलेलं नव्हतं. तरी सगळी दारं उघडी होती.

थोरली सगळ्यांत शेवटी आली. कळप आत गेल्याशिवाय थोरलीनं आडोसा घ्यायचा नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. ती पळत नव्हती. गल्लीच्या मधून चालत येत होती, आणि गारा तिच्या पाठीवर, मानेवर पडत होत्या. उंबऱ्याशी तिनंही विचारलं. शालननं तिला दोन्ही हातांनी आत घेतलं.

पाऊण तासात आभाळ मोकळं झालं. गारांचा ढीग दारात वितळत पडला. महेंद्र उठला, खराटा घेऊन त्यानं गारा लोटून काढल्या, मग कुणी सांगितलं नसताना चुलीवर पाणी तापत ठेवलं. पाडसं आणि आया संध्याकाळच्या आत टेकडीकडं गेल्या. थोरली मात्र सोप्यातच पडून राहिली. महेंद्र गाडी काढून तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी बरगड्यांवरून हात फिरवला आणि वय विचारलं. थोरलीनं नऊ म्हणून सांगितलं. चांगलं वय आहे, डॉक्टर म्हणाले. थोरली म्हणाली, "हो, चांगलं होतं."

गवत गारांनी झोपलं होतं. गावानं कडबा आणि ज्वारीची हिरवी बाटकं टेकडीच्या पायथ्याशी नेऊन टाकली. बैठकीत हे कुणी कबूल केलं नव्हतं. थोरली दोन दिवस शालनच्या घरी होती. शालन तिला गोणपाटावर कुशीला वळवायची, पाणी पाजायची. एकदा थोरलीनं विचारलं की तुमच्याकडं यंदा किती ठरली. शालन म्हणाली की माणसांत बैठक होत नाही. महेंद्रच्या लग्नाला सात वर्षं झाली. दोघं रोज ठरवतात आणि रोज पुढं ढकलतात, पाण्याचं बघू म्हणतात, जागेचं बघू म्हणतात. महेंद्र स्वयंपाकाच्या खोलीत चहा गाळत होता, त्याच्या हातातली गाळणी थांबली.

"बैठक घ्यायला हवी," थोरली म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती गेली. कळप गल्लीत येऊन उभा राहिला. गावानं तिला टेकडीच्या उतारावर, गवत राखलं होतं तिथंच पुरलं. महेंद्र खांदा देऊन आला, अंघोळ केली आणि पिंपरीला निघाला. आईला चल म्हणाला नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "पत्रा फुटलाय मागच्या बाजूला. पुढच्या शनिवारी येऊन बसवतो."

पाडवा आला. सरपंचांनी ना हरकत दाखल्याचं काय करायचं म्हणून हरणींना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्ज थोरलीचा होता, आम्हाला त्यातलं काही माहीत नाही. तेव्हा तो विषय तिथंच राहिला. शालनचा शब्द पाडव्यापर्यंतचाच होता, पण पाडव्यानंतर ती गेली नाही, आणि कधी जाणार असं तिला कुणी विचारलं नाही. महेंद्र फोनवर आधी गुडघ्यांचं विचारी, मग पाडसांचं. एकदा स्वप्नालीनं फोन घेतला आणि पाडसांचं आधी विचारलं.

पुढचा दसरा झाला. बैठकीच्या दोन दिवस आधी तीन तरण्या हरणी ओट्याशी आल्या. त्यांना बोलायला अवघड वाटत होतं. थोरली अचानक गेल्यामुळं कळपात बैठकीत बोललेली कुणी उरली नव्हती. पाऊस त्यांना माहीत होता, गवतही माहीत होतं, पण यंदाच्या गवतावरून काही ठरत नाही. मागचं गवत कसं होतं आणि त्या वेळी गावानं काय म्हटलं होतं, हे सांगता यायला हवं. ते आता शालन एकटीलाच येत होतं.

शालन म्हणाली, "मी माणूस हाय बाई."

त्यावर आमचं बोलणं झालंय, त्यांतली एक म्हणाली. थोरलीला जुनं ठाऊक असावं आणि आडोशाला ती शेवटी जावी, एवढंच आमच्यात आहे. खुरांचं कुठं काही म्हटलेलं नाही.

शालननं एक दिवस मागून घेतला. तो दिवस ती टेकडीवर बसून होती. पावसानं यंदा बऱ्यापैकी हात दिला होता. उतारावर पवन्या तिच्या कमरेला लागत होता. संध्याकाळी खाली येऊन तिनं होकार दिला.

बैठकीला सरपंचांनी शालनसाठी सतरंजीवर खुर्ची ठेवली होती, गुडघ्यांमुळं. शालन आत आली, खुर्चीजवळून पुढं गेली आणि मोकळ्या फरशीच्या बाजूला हरणींमध्ये जाऊन उभी राहिली. सतरंजीवर थोडी हालचाल झाली. मग शिंपी उठला, त्यानं खुर्ची उचलून पलीकडं नेऊन ठेवली आणि आपल्या जागी येऊन बसला.

शालननं पावसाचं सांगितलं. मग गवताचं सांगितलं, कुठं आहे आणि कुठं असायचं तेही. गाव ऐकत होतं. उतार यंदा पाडव्यापर्यंत बंद ठेवायचं ठरलं. कांदेवाल्यांनी चाळीच्या कडेला बोर लावायचं कबूल केलं आणि ती जगली तरच धरा म्हणाले. दारांचं विचारल्यावर इतके हात वर झाले की शालनला ते पुन्हा एकेक पाहावे लागले; तिनं दोन हात खाली करायला लावले, कारण त्या घरांना कुलूप असतं हे तिला माहीत होतं. मग ती हरणींबरोबर लिंबाखाली गेली. बोलणं बरंच चाललं. मधे एकदा कुणीतरी पाय आपटला.

परत येऊन ती खुर्चीत बसली. सरपंचांनी विचारलं, "यंदा किती, थोरल्या बाई?"

"आम्ही अकरा म्हणतोय," शालन म्हणाली.

सरपंचांनी आकडा लिहून घेऊन मोठ्यानं वाचून दाखवला, कुणाची हरकत नाही असं पाहून बैठक संपल्याचं सांगितलं आणि चहा मागवला. हरणी बैठकीत चहा घेत नाहीत. शालननंही घेतला नाही.